तीन मडक्यांचं पाणी

हिवरटोल्याच्या बाकी बायांचं पाण्याचं काम डोक्यावरची घागर उतरवली की संपायचं. रुख्माचं तिथून सुरू व्हायचं. आषाढात बोडीचं, म्हणजे टोल्याच्या लहान तळ्याचं, पाणी तांबडंलाल असायचं. घागरीच्या आतल्या अंगाला ती निवळीचं बी गोल गोल घासायची, पाणी ओतायची आणि गाळ तळाला बसेपर्यंत त्या घागरीला कोणाला हात लावू द्यायची नाही. मग वरचं निवळलेलं पाणी जुन्या लुगड्याच्या चौपदरी घडीतून ती पडवीतल्या बांबूच्या घडवंचीवर चढवायची. घडवंचीत एकाखाली एक तीन मडकी होती. वरच्यात नाल्याची धुतलेली रेती आणि गोटे, मधल्यात कोळसा, दोन्हींच्या तळाला भोक आणि भोकात भाताच्या तणसाची वात. खालच्या मडक्यात थेंब थेंब पडायचा आणि ते भरायला अर्धा दिवस जायचा. त्यातही आसपास रोगराई असली की तेच पाणी ती पुन्हा चुलीवर खळखळून उकळायची. ओल्या सरपणानं डोळे लाल व्हायचे, पण ती उठायची नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं त्याला दोन वर्षं झाली होती. देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली त्या पावसाळ्यात टोल्यात पटकी आली आणि बारा माणसं घेऊन गेली. त्यात तिचा केवळराम होता. तीन वर्षांचा, गुटगुटीत, सकाळी आंब्याच्या कोयीसाठी बहिणीशी भांडलेला पोरगा दिवस मावळायच्या आत वाळक्या चिंचेसारखा झाला आणि गेला. त्यानंतर आठ दिवसांनी देवरीच्या दवाखान्यातून लस टोचणारा टीकेवाला बाबू चुन्नीलाल सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून आला. उरलेल्यांना त्यानं सुया टोचल्या, पाण्यात लाल दवाई टाकली, आणि शाळेच्या ओसरीवर तीन मडकी मांडून पाणी कसं गाळायचं ते दाखवलं. माणसं बघायला जमली आणि पाऊस येताच पांगली. रुख्मा तेवढी उभी राहिली.

चुन्नीलाल गोंदियाकडचा. तो तिला म्हणाला, “देखो बाई, पानी साफ दिसते म्हणून साफ नसते. छानून घ्या. और बिमारी आली का उकळून बी घ्या. भूलना मत.”

ती विसरली नाही. देवरीच्या वाटेवरच्या कुंभाराकडून मडकी आणली, घडवंची स्वतः बांधली. टोल्यात पहिली बोंब झाली ती बकारामच्या सुनेनं, म्हणजे रुख्मानं, मोहाची भट्टी लावली म्हणून. या मुलखात एकावर एक मडकी रचतात ती दारू गाळायलाच, दुसऱ्या कशाला कोण रचतो! दोन म्हातारे संध्याकाळी नाक वर करून वास घेत पडवीपर्यंत आलेसुद्धा. तिनं खालच्या मडक्यातलं त्यांना भांडंभर दिलं. एकानं घोट घेतला आणि फसवणूक झाल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

माणसं हसली ते तिनं सोसलं. घरातलं सोसणं अवघड होतं. सासू सुमित्राबाई तोंडानं फटकळ. तिला ती मडकी डोळ्यांसमोर नको असत, कारण बोडी तिच्या सासरच्यांनी खोदलेली. लग्नकार्यात, भांडणतंट्यात, जिथं संधी मिळेल तिथं ती बोडीची गोष्ट काढायची.

“माह्या आजेसासऱ्यानं खोदलेली बोडी आहे ते. चार पिढ्या त्याच पान्यावर वाढल्या. तुलेच काऊन त्याच्यात जहर दिसते?” असं ती चारचौघींत विचारायची आणि रुख्मा उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायचं तर केवळरामचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव सासूसमोर घेण्याची तिची हिंमत नव्हती. नातू सासूचाही होता.

नवरा चैतराम स्वभावानं गरीब. आईपुढे बोलायचा नाही आणि बायकोला अडवायचा नाही. रुख्माच्या बाजूनं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे सासरा बकाराम. म्हातारा दम्यानं खाटेला लागलेला. आधी तोही चेष्टा करायचा. पण एका उन्हाळ्यात घसा सुकला म्हणून त्यानं तिच्या मडक्यातलं पाणी प्यायलं, आणि तेव्हापासून दुसरं पाणी त्याच्या नरड्याखाली उतरेना. “सुनबाई, तुह्या भट्टीचं आन जराक,” असं म्हणून तो खोकत खोकत हसायचा. नात भागरता पळत जाऊन भांडं भरून आणायची. ती सहा वर्षांची होती. बाहेर कोणाच्या घरी पाणी प्यायचं नाही हे तिला आईनं इतकं घोकवलं होतं की सणाच्या जेवणालाही ती ठसका लागला तरी घरी पळत यायची.

भागरतानं जगावं, रुख्माला एवढंच हवं होतं. दागिना नको, नवं लुगडं नको. एक पोर गेलं, हे एक राहावं.

त्या वर्षी श्रावणात भाताचा रोवणा ऐन भरात असताना पलीकडच्या टोल्यात पटकी आल्याची खबर लागली. बाया बांधीत, पाणी साचलेल्या खाचरात, वाकून पऱ्ह्यांची रोपं लावत होत्या. पाऊस इरल्यावर तडतडत होता, पोटऱ्या चिखलात, बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडून सोललेली. तहान लागली की बाया बांधीतलंच ओंजळभर पाणी वरचं वर घ्यायच्या. रुख्मा बांधावर ठेवलेला आपला तुंबा उचलायची. भोपळ्याच्या त्या तुंब्यात घरचं उकळलेलं पाणी असायचं, भागरताही त्यातलंच प्यायची. बाजूच्या तासात तिची चुलत जाऊ शकुंतलाबाई होती. ती बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली की मालगुजारीणबाईंसाठी बांधावर आता खुर्ची पण आणा. बाया हसल्या. रुख्माही थोडी हसली आणि तुंब्याचं तोंड पानाचा बोळा घालून घट्ट बंद केलं.

चार दिवसांनी पलीकडच्या टोल्यात तीन माणसं गेली. रुख्मा पहाटे उठून दोन वेळचं पाणी उकळून ठेवू लागली. त्याच आठवड्यात एका सकाळी बकाराम गेला.

तो पटकीनं गेला नाही, दम्यानं गेला, म्हातारपणानं गेला. उजाडताना त्यानं नातीकडून पाणी मागून घेतलं, घोटभर प्यायला, “गोड आहे,” म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. भागरताला वाटलं आजा झोपला. ती भांडं धुऊन ठेवून गोठ्याकडे गेली. सुमित्राबाई चहाचं विचारायला आली तेव्हा कळलं.

घर माणसांनी भरलं. बाया अंगणात, पुरुष बाहेर बांबू चिरत बसलेले. रुख्मा रडत होती आणि रडता रडता तिच्या मनात एक वेगळीच धास्ती शिरली. मयत झालं की घरातलं सगळं पाणी ओतून टाकायचं, मातीचं एकूण एक भांडं बाहेर नेऊन फोडायचं. तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत चूल पेटवायची नाही, जेवण भावकीनं आणायचं, पाणी भावकीनं भरायचं. आणि सुतक दहा दिवसांचं. सुतकाच्या घराला कुंभार मडकं देत नाही. हे सगळं तिला लहानपणापासून माहीत होतं. पण ते असं आपल्या पोरीच्या नरड्याशी येऊन बसेल हे तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

प्रेत अंगणात आंघोळीला घेतलं तेव्हा ती हळूच उठली. खालचं मडकं भरलेलं होतं. कालचं उकळलेलं पाणी तिनं त्यातच ओतून ठेवलं होतं. ते मडकं पोटाशी धरून ती मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि तणसाच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरून ठेवलं. तीन दिवस पोरीला पुरलं असतं. ती परत येऊन बायांत बसली, पण तिच्या पदराला तणसाच्या काड्या चिकटल्या होत्या.

बकारामचा भाऊ उदाराम भावकीत सगळ्यात वडील. प्रेत उचलायच्या आधी तो घरभर फिरून मडकी बाहेर काढवत होता. पडवीतली घडवंची रिकामी करताना तो थांबला. वरची दोन मडकी होती, खालचं नव्हतं. त्यानं विचारलं. शकुंतलाबाईनं रुख्माच्या पदराकडे पाहिलं, उठली, गोठ्यात गेली आणि मडकं घेऊन आली.

सगळे बघत होते. तिरडीवर म्हातारा, भोवती टोल्यातली चाळीस-पन्नास माणसं, आणि मध्ये ते भरलेलं मडकं. उदाराम आवाज न चढवता म्हणाला, “मुर्द्याच्या घरचं पानी लपवून ठेवते? बुढ्याचा जीव त्याच्यात अडकून राहीन, तुले समजत नाई?”

रुख्मा म्हणाली, “पोरीसाठी ठेवलं होतं, काकाजी. उकळलेलं आहे. पलीकडे पटकी आहे.”

“आमी भरून देऊ ते पानी का जहर आहे?” शकुंतलाबाई म्हणाली.

सुमित्राबाई नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली. दोन वर्षांचा सगळा राग त्या एका क्षणी तिला सापडला. “माह्या मानसाची माती होऊन राहिली आन हे पानी जपून राहिली,” एवढंच ती बोलली.

मग उदारामनं चैतरामकडे पाहिलं. घरचा कर्ता आता तो होता. चैतराम ओलेत्यानं उभा होता, खांद्यावर नवं पांढरं फडकं. तो बायकोजवळ आला, तिच्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाला, “आज नोको, रुख्मा. आज लोक आहेत.” त्यानं मडकं उचललं, दारापुढे नेलं आणि आपटलं. पाणी चिखलात गेलं. इतकं स्वच्छ पाणी होतं की ते कुठून वाहत गेलं ते चिखलावर क्षणभर वेगळं दिसत होतं. बाकीची दोन मडकी टोल्याच्या शिवेवर फोडली. रेती आणि कोळसा तिथेच सांडला.

त्या संध्याकाळी भावकीकडून कडू घास आला, भात आणि वरण, आणि शकुंतलाबाईनं बोडीवरून पितळी गुंडी भरून आणली. भागरता दिवसभर तहानलेली होती. सकाळपासून तिनं कोणाकडे पाणी मागितलं नव्हतं, कारण तसं आईनंच शिकवलं होतं. ओठ सुकले होते. ती आईच्या मांडीला चिकटून बसली आणि विचारलं, “माय, आपलं पानी कुठी आहे?”

रुख्मा चैतरामला गोठ्यात गाठून म्हणाली की इथं तीन दगड मांडून एवढंसं पाणी उकळू दे, कोणाला कळणार नाही. तो कितीतरी वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला की धूर दिसतो. पटत असूनही तो एवढंच म्हणू शकला.

निदान गाळून तरी द्यावं म्हणून ती परत आली. वाटीवर पदराची घडी धरली आणि गुंडी वाकवली. घडीवर तांबडा गाळ जमला. शकुंतलाबाई भात वाढता वाढता थांबली.

“आमच्या हातचं पानी पदरातून छानून राहिली. पाहा वो बायाहो,” ती म्हणाली. ओसरीवर बसलेल्या बायांनी पाहिलं. सुमित्राबाईनंही पाहिलं, आणि भिंतीला डोकं टेकून ती मोठ्यानं रडू लागली. ते रडणं मेलेल्या नवऱ्यासाठी होतं की सुनेनं मांडलेल्या या शोभेसाठी, कोणाला सांगता आलं नसतं.

सकाळपासून रुख्माची लाज किती वेळा काढली गेली होती. माणूस कुठंतरी दमतं. तिनं पदर सोडला, वाटी भरली आणि पोरीच्या तोंडाला लावली. भागरतानं एक घोट घेऊन आईकडे पाहिलं, हे आपलं नाही हे तिला जिभेवरच कळलं होतं.

“पे,” रुख्मा म्हणाली. “आज पे.”

पोर सबंध वाटी प्यायली आणि अजून मागितलं. तिनं दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं.

तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजु होता होता भागरताला पहिली उलटी झाली. मग हगवण लागली, तांदळाच्या पेजेसारखी पांढरी. रुख्मानं ती पाहिली आणि ओळखली. तिनं आरडाओरडा केला नाही. पोरीला कापडात गुंडाळून उचललं आणि चैतरामला म्हणाली, “गाडी जुप.”

भावकी राख सावडायला जमत होती. उदाराम काहीतरी बोलला, चैतरामनं ते ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वडीलधाऱ्याकडे पाठ फिरवली आणि बैल जुंपले. देवरी चार कोस. चिखलात चाकं आऱ्यांपर्यंत रुतत होती. चैतराम उतरून खांदा लावायचा, पुन्हा चढायचा. गाडीत पोरीचे डोळे खोल जात होते, बोटं थंड, पोटऱ्यांना गोळे येत होते. ती पाणी मागत होती. सारखं पाणीच मागत होती, आणि बरोबर पाणी नव्हतं. वाटेवरच्या खड्ड्यात होतं, चाकाखाली होतं, वरून पडत होतं. रुख्मा पावसात पदर धरून पिळायची आणि तिच्या तोंडात थेंब सोडायची.

नाल्याला पूर होता. पलीकडचा काठ दिसत होता, त्यापुढे देवरीचा रस्ता दिसत होता. दोघं काठावर उतार शोधत फिरले. चैतराम छातीइतक्या पाण्यात शिरून माघारी आला. तो परत आला तेव्हा रुख्मा गाडीत बसलेली होती आणि पोरीचे केस नीट करत होती.

“आता घाई नोको करू,” ती म्हणाली.

लहान पोर म्हणून तिला जाळलं नाही. नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली, केवळरामला जिथं पुरलं होतं त्याच्या बाजूला, पुरलं. घरी परतले तेव्हा चूल पेटलेली होती. राख सावडून झाली होती, रीत पुरी झाली होती, चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. रुख्मानं त्या उकळत्या पाण्याकडे पाहिलं आणि ती चुलीशेजारी खाली बसली. या मयताला फोडायला काही राहिलं नव्हतं. घरात मातीचं भांडंच नव्हतं.

सुतक फिटल्यावर अकराव्या दिवशी सुमित्राबाई कोणाला न सांगता कुंभाराकडे गेली. डोक्यावर दोन आणि काखेत एक, अशी तीन मडकी घेऊन ती भर पावसात चालत आली. साठीची बाई, गुडघ्यांनी अधू. स्वतःच नाल्यावर जाऊन तिनं रेती आणली, सात पाण्यांनी धुतली. भोकं पाडायला तिला जमेना, एक मडकं तडकलं, तर ती परत जाऊन दुसरं घेऊन आली. वात कशी घालायची हे तिनं सुनेला विचारलं नाही. विचारायला तिच्याजवळ तोंड नव्हतं. दोन वर्षं टोमणे मारता मारता तिनं ते सगळं बघून ठेवलेलं होतं. घडवंचीत मडकी चढली आणि संध्याकाळपर्यंत पडवीत पुन्हा थेंब पडायला लागले.

रुख्मा तो आवाज ऐकत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रोवणा अर्धा राहिला होता. पऱ्हे थांबत नाहीत. बांधून ठेवलेल्या पेंढ्या पिवळ्या पडत होत्या, उरलेल्या पऱ्ह्यांना गाठी धरायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बांधीत उतरली. पाण्यात वाकली, हात आपोआप चालू लागले. तीन-चार काड्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, मागे पाऊल. बाजूच्या तासात शकुंतलाबाई होती. तिनं आज तोंड उघडलं नाही. तिच्याही घरात दीर आजारी होता.

दिवस वर आल्यावर चैतराम बांधावरून चालत आला. त्याच्या हातात तुंबा होता, तोंडाला पानाचा बोळा.

“बुढीनं देल्लं,” तो म्हणाला. “छानलं आहे. उकळलं बी आहे. पहाटे उठली होती.”

रुख्मानं कंबर सरळ केली. तुंब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तो दहा दिवसांत म्हातारा झालेला दिसत होता. ती त्याच्यावर रागावली नव्हती. रागवायला माणसात काहीतरी उरावं लागतं.

“ठेव बांधावर,” ती म्हणाली.

त्यानं तुंबा ठेवला आणि निघून गेला. दुपारपर्यंत ती लावत राहिली. ऊन पावसातून बाहेर आलं, बांधीतून वाफा निघाल्या, जीभ टाळूला चिकटली. स्वतःसाठी पाणी गाळल्याचं तिला एक दिवसही आठवत नव्हतं. रेती धुताना, कोळसा बदलताना, धुरात डोळे पुसताना कायम कोणीतरी दुसरं समोर असायचं, आधी पोर, मग म्हाताराही. आता दोघंही नव्हते.

ती जिथं उभी होती तिथंच वाकली. पायांनी ढवळलेलं पाणी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं आणि प्याली. शकुंतलाबाईच्या हातातली पेंढी सुटून पाण्यात पडली. तिनं “रुख्मा” म्हणून हाक मारली. रुख्मानं दुसरी ओंजळ भरली. प्याली, हात लुगड्याला पुसले आणि पुढची पेंढी सोडली.

तुंबा बांधावर तसाच भरलेला होता.